बाबा ऑफिसला जाला

डबा विसरला म्हणून मी जिन्यातून परत फिरलो, तेव्हा दारातूनच ऐकू आलं. शेजारच्या काकू विचारत होत्या, "बाबा कुठाय रे?" आणि आमचे तीन वर्षांचे चिरंजीव ठणकावून सांगत होते, "बाबा ऑफिसला जाला."

मी आत डोकावून सुधारलं, "जाला नाही राजा, गेला."

त्याने समजूतदारपणे मान डोलावली. "हो, जाला."

माझ्या आईची तक्रार वेगळीच होती. आधी त्याला ‘बाबा गेले’ म्हणायला शिकवा, म्हणाली, बाकीचं व्याकरण मागाहून. मला मात्र काळजी वाटत होती ती निराळ्याच गोष्टीची. सहा महिन्यांपूर्वी हाच मुलगा ‘गेला’, ‘आला’ अगदी नीट म्हणायचा. आता पुढच्या पंधरा दिवसांत ‘आजी येली’, ‘मी करलं’, ‘झुरळ मरलं’ अशी रांगच लागली. पोरगं पुढे जायचं सोडून मागे का चाललंय?

खरं तर ते मागे जात नव्हतंच. बस-बसला, पड-पडला, हस-हसला, रड-रडला असे शेकडो जोड कानावर पडल्यावर मुलाच्या डोक्यात एक नियम तयार होतो: क्रियापद घ्या, ‘ला’ जोडा, की काल घडलेलं सांगता येतं. ‘गेला’ हा शब्द तोवर त्याने नुसता ऐकून उचललेला असतो. ‘जा’शी त्याचा काही संबंध आहे हे त्याच्या गावीही नसतं, आणि संबंध दिसावा तरी कसा? ‘जा’ आला संस्कृतातल्या ‘या’ धातूवरून आणि ‘गेला’ आला ‘गम्’ धातूच्या ‘गत’वरून. दोन वेगळ्या घरांतली माणसं आपण एका कुटुंबात आणून बसवली आहेत. ‘केला’मागे ‘कृत’ आहे, ‘मेला’मागे ‘मृत’. हा इतिहास मुलाला कोण सांगणार? त्याला नुकताच नियम सापडलाय आणि तो हातोडी मिळालेल्या माणसासारखा दिसेल तिथे ठोकत सुटलाय. ‘जाला’ हा शब्द घरात कुणीच उच्चारत नाही, म्हणजे तो ऐकून उचललेला नाही. तो त्याने स्वतः बनवलेला आहे.

जीन बर्को या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९५८ साली हेच फार मजेदार पद्धतीने दाखवलं. त्यांनी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र काढलं, त्याला ‘वग’ असं निरर्थक नाव दिलं आणि मुलांना विचारलं, आता असे दोन आहेत, तर त्यांना काय म्हणाल? मुलांनी इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय बिनचूक जोडला. जो शब्द जगात नव्हताच, त्याचं अनेकवचन पाठ करून ठेवणं शक्य नव्हतं. मी हा खेळ मराठीत करून पाहिला. "माकड रोज टिमतं. कालसुद्धा त्याने हेच केलं. काल माकड काय...?" चिरंजीव क्षणभरही न थांबता म्हणाले, "टिमलं!" हाच प्रश्न आईला विचारला, तर ती म्हणाली, "आधी टिमणं म्हणजे काय ते सांग." मोठ्यांना अर्थ लागतो, मुलांचं रचनेवर भागतं.

त्या दिवशी मी एक दोनशेपानी वही केली. मुलाची चूक झाली की सुधारायच्या आधी ती लिहून ठेवायची आणि ती कुठून आली असेल याचा विचार करायचा. आईबाप झाल्यावर माणूस संयम शिकतो असं सगळे सांगतात. माझा अनुभव असा की नुसत्या संयमाने काही होत नाही. दात-ओठ आवळून गप्प बसणारा बाप मुलाला बरोबर ओळखू येतो. चुकीमागे काय चाललंय याचं खरोखर कुतूहल वाटू लागलं, तर गप्प बसायला कष्ट पडत नाहीत.

आपण नेमकं काय सुधारतो, हेसुद्धा तपासून बघण्यासारखं आहे. हार्वर्डमध्ये रॉजर ब्राउन आणि त्यांचे सहकारी लहान मुलांचं घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित करत असत. १९७० साली ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी त्यातली आयांची उत्तरं तपासली. अपेक्षा अशी की आई व्याकरण दुरुस्त करत असेल. आढळलं ते उलटंच. वाक्य मोडकंतोडकं पण खरं असेल, तर आई खुशाल ‘हो’ म्हणते. वाक्य व्याकरणशुद्ध पण खोटं असेल, तर लगेच अडवते. हे वाचून मी हसलो, कारण आमच्या घरी हेच चालू होतं. ‘काऊ उडून जाला’ला सगळे ‘हो रे सोन्या’ म्हणत होते, आणि कबुतराला ‘काऊ’ म्हटलं की तिघं एकदम तुटून पडत होते. आणि तरीही मुलं मोठेपणी व्याकरणशुद्ध बोलतात, खरेपणाचं मात्र तसं सांगता येत नाही, असा शेरा ब्राउन यांनी या निष्कर्षावर मारला होता.

वही करणारा मी काही पहिला बाप नव्हे. २७ डिसेंबर १८३९ रोजी चार्ल्स डार्विनला पहिला मुलगा झाला, विल्यम. घरात त्याला ‘डॉडी’ म्हणत. डार्विनने पाळण्याजवळ बसून, गालापागोस बेटांवरचे पक्षी पाहावेत त्याच बारकाईने, त्याच्या नोंदी केल्या. शिंक केव्हा आली, उचकी केव्हा लागली, राग पहिल्यांदा केव्हा दिसला. साडेचार महिन्यांच्या पोराजवळ त्याने मोठ्याने घोरण्याचा आवाज काढून पाहिला. पोर गंभीर झालं आणि मग रडू लागलं. (आजच्या एखाद्या आजीने डार्विनला चांगलंच सुनावलं असतं.) या नोंदी सदतीस वर्षं तशाच पडून होत्या. तेन या फ्रेंच विचारवंताचा मुलांच्या भाषेवरचा लेख वाचल्यावर डार्विनला त्यांची आठवण झाली आणि १८७७ साली ‘माइंड’ या नियतकालिकात त्याने त्या छापल्या.

त्यातली एक नोंद मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवली आहे. सत्त्याहत्तराव्या दिवशी डॉडीने दुधाची बाटली उजव्या हातात धरली. दाईने कोणत्याही कडेवर घेतलं तरी उजवाच हात पुढे. डार्विनने मुद्दाम डाव्या हातात द्यायचा प्रयत्न केला, तर पोर घेईना. डावा हात पुढे यायला आणखी आठवडा लागला. कुणालाही वाटेल, निकाल लागला. डार्विन पुढे लिहितो की हा मुलगा नंतर डावखुरा निघाला. त्याची आई, आजोबा आणि एक भाऊही डावखुरेच होते. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा माणूस, इतक्या काळजीने केलेलं निरीक्षण, आणि तेही पोटच्या पोराबद्दल. तरी अंदाज साफ चुकला. आणि त्याने तो चुकलेला अंदाज खोडून न टाकता छापला.

आपल्याकडे मुलाचा हात डार्विनइतका वेळही कुणी बघत बसत नाही. प्रसाद उजव्या हातात घे, डाव्याने जेवू नकोस, पाटीवर अक्षर गिरवताना पेन्सिल या हातातून त्या हातात. जगात साधारण दहा माणसांमागे एक डावखुरा असतो. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात साधारण चार. बोटांवर पट्टी खाल्लेल्या पिढीतले डावखुरे अजून आपल्या आसपास आहेत आणि त्यातले कितीतरी जण आजही लिहितात उजव्याने आणि कात्री धरतात डाव्याने.

चूक वाचायची म्हणजे काय, हे पुढे ज्यां पियाजे या स्विस संशोधकाने शास्त्राच्या पातळीवर नेलं. जाकलीन, ल्युसिएन आणि लोराँ ही त्याची आणि व्हालाँतीन यांची तीन मुलं, जन्मसालं १९२५, १९२७ आणि १९३१. दोघं नवरा-बायको मुलांची निरीक्षणं टिपून ठेवत. त्यातला ल्युसिएनचा प्रसंग मला फार आवडतो. पियाजेने काड्यापेटीत घड्याळाची साखळी ठेवली आणि पेटी जवळजवळ बंद केली, फट अगदी बारीक ठेवली. सोळा महिन्यांची ल्युसिएन बोट घालून बघते, साखळी निघत नाही. मग ती थांबते. फटीकडे बघते. स्वतःचं तोंड उघडते, मिटते, पुन्हा अधिक उघडते, आणखी मोठा ‘आ’ करते. आणि लगेच फटीत बोट घालून पेटी ओढून उघडते. ‘फट मोठी करायला हवी’ हे शब्दांत मांडता येण्याआधी ती तोंडाने विचार करत होती. दुसऱ्या एखाद्या बापाने म्हटलं असतं, काय वेड्यासारखं तोंड वासून बसलीयस, दे इकडे, मी उघडतो. पियाजेचे कितीतरी निष्कर्ष पुढच्या संशोधकांनी दुरुस्त केले, तान्ह्या मुलांना तो समजत होता त्यापेक्षा बरंच आधी बरंच काही कळतं हे दाखवून दिलं. पण ‘दे इकडे’ न म्हणता बसून राहण्याची त्याची ताकद कुणाला खोडता आलेली नाही. चहाच्या वेळेला, शाळेची रिक्षा खाली वाजत असताना, बुटाच्या नाडीशी झुंजणाऱ्या मुलासमोर बसून राहून बघा, म्हणजे कळेल.

खोटं बोलणं ही आईबापांना सर्वांत जिव्हारी लागणारी चूक. आमच्याकडे ती बेसनाच्या लाडवापासून सुरू झाली. डबा उघडा, चिरंजीवांच्या ओठांवर बेसन, आणि जबाब: "मी नाही खाल्ला." मी ओरडलो. परिणाम असा झाला की पुढच्या वेळी तो तोंड पुसून आला.

डॉडीनेही हेच केलं होतं. अडीच वर्षं उलटल्यावर एकदा तो जेवणघरातून बाहेर आला तो डोळे विलक्षण चमकत, काहीतरी अवघडल्यासारखा. आत जाऊन पाहिलं तर त्याने मनाई असलेली साखर खाल्ली होती. पंधरा दिवसांनी त्याच खोलीतून तो अंगावरचं फडकं जपून गुंडाळून बाहेर आला. आत काही नाही म्हणाला, बापाला ‘जा इथून’ असं पुन्हा पुन्हा फर्मावलं. फडक्यावर लोणच्याच्या खाराचे डाग होते. डार्विनने हे ठरवून केलेलं कपट म्हणून नोंदवलं, आणि पुढे हेही लिहिलं की मुलाला त्याच्या चांगल्या भावनांना हात घालूनच वाढवलं असल्याने तो लवकरच अगदी सच्चा झाला.

लोणचं लपवायला डोकं लागतं, आणि तेही बरंच. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या संशोधकांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा एका कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी चॉकलेट कुठे शोधेल? आपण म्हणू, पहिल्या कपाटात, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तीन वर्षांची मुलं मात्र साधारणपणे दुसरं कपाट दाखवतात. चॉकलेट तिथे आहे हे मला माहीत आहे, म्हणजे सगळ्यांनाच माहीत असणार. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास हळूहळू उमगतं की दुसऱ्याच्या डोक्यात वेगळं चित्र असू शकतं, आणि ते चुकीचंही असू शकतं. टिकेल असं खोटं बोलायला हे कळावं लागतं. आणि दुसऱ्याला काय वाटेल याचा विचार करून त्याची समजूत घालायलाही नेमकं हेच कळावं लागतं. बेसन पुसण्याची अक्कल आणि रडणाऱ्या थोरल्या बहिणीला स्वतःचा रुमाल नेऊन देण्याची अक्कल, दोन्ही एकाच सुमाराला आल्या, हे माझ्या वहीत तारखांसकट आहे. याचा अर्थ खोट्याचं कौतुक करावं असा नाही. पण ‘हा आत्तापासून असा, पुढे काय दिवे लावणार’ हे वाक्य मी गिळायला शिकलो.

उलट दिशेनेही शिकवणी चालते. थोरली मुलगी सहा वर्षांची असताना एकदा बाहुलीला समोर बसवून म्हणत होती, "किती वेळा सांगायचं तुला? कान आहेत की नाही?" शब्द माझे, भुवई माझी, ‘कान’वरचा जोरही माझा. आरशात कधी दिसलं नव्हतं ते तिथे दिसलं. मुलं नक्कल करतात हे जुनंच, पण ती किती टोकाची असते हे व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांच्या २००५ सालच्या प्रयोगातून लक्षात येतं. खाऊ काढायची एक पेटी, आणि ती उघडताना मोठ्या माणसाने केलेल्या काही निरर्थक हालचाली. पेटी पारदर्शक केली, आतलं दिसू लागलं, तेव्हा चिंपांझींनी बिनकामाच्या हालचाली वगळून सरळ खाऊ काढला. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र त्या सगळ्या हालचाली जशाच्या तशा केल्या. माकडं उगाच बदनाम आहेत. मोठ्या माणसाने केलंय म्हणजे त्यात काहीतरी असणार, हा विश्वास माणसाच्या पोराचा. याच विश्वासावर भाकरी थापणं, रांगोळी, तबल्याचे बोल एका पिढीकडून दुसरीकडे जातात, आणि याच रस्त्याने आपला खेकसण्याचा सूरही जातो. माझे वडील त्यांची जुनी स्कूटर चालू करण्याआधी एका बाजूला कलती करतात. आमचे चिरंजीव तीनचाकी सायकलवर बसण्याआधी ती कलती करतात. का, असं विचारलं तर म्हणतात, "अशीच चालू होते."

मग आईबापांनी चोवीस तास आदर्श राहावं का? इथे मला एका आकड्याने मोठा दिलासा दिला. एडवर्ड ट्रॉनिक हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या एका प्रयोगासाठी प्रसिद्ध आहेत. आई तान्ह्या बाळाशी खेळत असते, मग दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हातवारे करतं, किंचाळतं, शेवटी तोंड फिरवतं किंवा रडू लागतं. पाहवत नाही. पण ट्रॉनिक यांचं दुसरं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. रोजच्या साध्या खेळात, अगदी चांगल्या जोड्यांमध्येसुद्धा, आई आणि बाळ यांचा सूर जुळलेला असतो तो साधारण तीस टक्के वेळ. उरलेला वेळ बिनसणं आणि पुन्हा जुळवणं यात जातो. आई हसते तेव्हा बाळाला झोप हवी असते, बाळ हात पुढे करतं तेव्हा आई पदर सावरत असते. मग कुणीतरी एक पाऊल पुढे येतं. ही जुळवाजुळव बाळाला काही बिघाड वाटत नाही. बिनसलेलं पुन्हा जमतं, आणि जमवण्यात आपलाही हात असतो, हे ते त्यातूनच शिकतं. लंडनचे बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी तर १९५० च्या दशकातच परिपूर्ण आईऐवजी ‘पुरेशी चांगली’ आई ही कल्पना मांडली होती. सुरुवातीला ती बाळाच्या कलाने घेते आणि बाळ सोसू लागेल तसतशी हळूहळू कमी पडत जाते. ते कमी पडणंही बाळाला लागतंच.

मुलीवर मी एकदा कंपासपेटीवरून नको तितका आवाज चढवला. पेटी माझ्याच गाडीत निघाली. तिच्या खोलीच्या दारात उभा राहून ‘चुकलं माझं’ म्हणायला मला जवळजवळ तासभर लागला, कारण हे वाक्य बापाच्या तोंडून कसं ऐकू येतं ते मला ठाऊकच नव्हतं. आमच्या लहानपणी वडिलांची चूक झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या सायकलच्या चाकांत हवा भरलेली असायची. बस, मिटलं. मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठीकाय. पण आधी गाडीत बघायचं होतंस." रास्त.

हे सगळं मनाचं झालं, पण आईबाप होण्यातून शरीरही सुटलेलं नाही. २०१६ साली एल्सेलिन हूकझेमा आणि सहकाऱ्यांनी पहिल्या गरोदरपणाआधी आणि नंतर बायकांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याशी संबंधित भागांत बदल दिसले आणि ते निदान दोन वर्षं टिकून होते. आणि बापाचं काय? फिलिपिन्समधल्या सेबू इथे सहाशे चोवीस पुरुषांचा अभ्यास झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन बरंच उतरलं होतं, आणि रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलांचं करणाऱ्यांचं ते सर्वांत कमी होतं. नुसता बाप होऊन भागत नाही, लंगोट बदलल्याशिवाय शरीर पुरतं दखल घेत नाही, असा मी याचा अर्थ काढला. बायको म्हणाली, हे कळायला फिलिपिन्सला कशाला जायचं?

एका बापाचं मात्र आयुष्यच मुलाने बदललं. सौराष्ट्रातले गिजुभाई बधेका वकिली करत होते. १९१३ साली मुलगा झाला आणि याला कोणत्या शाळेत घालायचं हा प्रश्न पडला. त्या शोधात मादाम माँटेसरींचं लेखन हाती आलं. १९१६ मध्ये वकिली मागे टाकून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले, १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. त्यांना जे नाव पडलं, त्याला तोड नाही: ‘मूछाळी मा’, मिशावाली आई.

मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य होत्या. १९२३ मध्ये ते पद सोडून त्या गिजुभाईंकडे शिकायला आणि काम करायला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला होत्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मुलं येत नाहीत म्हणून आईबापांना दोष देता आला असता. बहुतेक शाळा तेच करतात. या दोघींनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ जन्माला आली. १९७५ मध्ये केंद्र सरकारच्या बालविकास योजनेने हाच शब्द देशभर नेला. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आले. १९५७ नंतर कोसबाडच्या वारली पाड्यांवर दुसरी अडचण: थोरली मुलगी शाळेत येते ती कडेवर भावंड घेऊन. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ती विकासवाडी. गुरं राखणारी मुलं येत नाहीत? शाळा कुरणात. प्रत्येक वेळी मुलाचं न येणं हीच नोंद धरली गेली आणि बदल मोठ्यांनी स्वतःत केला. बालशिक्षणाचे ग्रंथ वाचून हे सुचलं नसतं. कडेवरचं ते भावंड दिसावं लागतं.

आमचे चिरंजीव आता साडेचार वर्षांचे आहेत. ‘जाला’ कधी गेला ते कळलंच नाही. वहीत शेवटची नोंद गेल्या श्रावणातली आहे. सध्या घरात वाद आहे तो हाताचा. चमचा उजव्या हातात, चेंडू डाव्याने, खडू जो सापडेल त्या हातात. आई म्हणते, आत्ताच वळण लावा, नंतर जड जाईल. बायको म्हणते, त्याला ठरवू दे. काल त्याने डाव्या हाताने पाटीवर एक वर्तुळ काढलं, मग खडू उजव्या हातात घेऊन त्याला दोन डोळे काढले आणि म्हणाला, "हा बाबा." वहीत मी दोन्ही हात लिहिले आहेत, तारीख घातली आहे, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.